आधी कळस, मग पाया

"सी शिकू की पायथॉन?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की विचारणाऱ्याला कोणतं उत्तर हवंय, ते आता मला त्याच्या आवाजावरूनच कळतं. काहींना पायथॉनसाठी परवानगी हवी असते. सोपी भाषा शिकलो तर पुढे कमी तर नाही ना पडणार? काहींना सीसाठी पाठीवर थाप हवी असते. अवघड वाट धरलीय, म्हणजे खरा प्रोग्रॅमर होणार ना? दोघांनाही भाषेची निवड करायचीच नसते, आपण कोण आहोत हे कुणाकडून तरी ऐकायचं असतं. म्हणून या विषयावरचे वाद एवढे कडवट होतात. १९७५ साली डायक्स्ट्रासारख्या थोर संगणकशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं की ज्यांना आधी बेसिक नावाची भाषा शिकवली गेली त्यांना चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळजवळ अशक्य, त्यांच्या बुद्धीला कायमची इजा झालेली असते. पुढे बेसिकवर हात बसवलेल्या एका अख्ख्या पिढीने चांगलं सॉफ्टवेअर लिहिलं, आणि तरी असली विधानं करण्याची हौस काही फिटलेली नाही.

माझं मत सांगते. आधी पायथॉनसारखी चलतीची भाषा, मग एक हंगाम सीसारखी खालची भाषा, आणि मग पुन्हा वर. मराठीत 'आधी कळस, मग पाया' हे उलट्या कारभाराला हिणवायला म्हणतात. प्रोग्रॅमिंग शिकताना मात्र मला हाच क्रम सुलट वाटतो. फक्त पाया राहूनच गेला तरी चालतं, असं कुणी म्हणालं तर तिथे माझं भांडण आहे.

आधी 'खालची' म्हणजे काय ते पाहू, कारण या शब्दात बरीच फसगत आहे. लो-लेव्हल म्हणजे यंत्राजवळची, हाय-लेव्हल म्हणजे माणसाजवळची, अशी व्याख्या सांगतात. ऐकायला स्वच्छ वाटते, पण मधली रेघ सारखी सरकत आली आहे. १९५७ साली आयबीएममधल्या जॉन बॅकस यांच्या गटाची फोरट्रान ही भाषा बाहेर आली, तेव्हा हाताने मशीनच्या भाषेत लिहिणाऱ्यांची ठाम समजूत होती की लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर नावाचा हा मध्यस्थ माणसाइतका नेटका कोड काढूच शकणार नाही. १९७३ मध्ये बेल लॅब्समध्ये केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असेंब्लीतून (मशीनला अगदी खेटून असलेल्या भाषेतून) उचलून सीमध्ये नव्याने लिहिला. ऑपरेटिंग सिस्टिम 'वरच्या' भाषेत लिहिणं हे तेव्हा धाडस होतं. हो, तेव्हा सी वरची भाषा होती! आज तिला तळघरात बसवतात. सी जागची हललेली नाही, तिच्यावर मजले चढत गेले.

आणि हे मजले खरोखरच एकमेकांवर उभे आहेत. आपण सगळे वापरतो तो पायथॉनचा इंटरप्रिटर (कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) सीमध्ये लिहिलेला आहे. जावाचं हॉटस्पॉट व्हर्च्युअल मशीन आणि क्रोम ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही-८ ही सी प्लस प्लसमधली कामं. म्हणजे सी विरुद्ध पायथॉन हा सामना मुळात पहिला मजला विरुद्ध चौथा मजला असा आहे. कुणी चौथ्या मजल्यावर राहतो म्हणून पहिला मजला हरत नाही.

खरा फरक दुसरीकडे आहे. खालची भाषा तुम्हाला निर्णय घ्यायला लावते, वरची भाषा तेच निर्णय तुमच्या वतीने घेऊन मोकळी होते. ही वस्तू मेमरीत कुठे ठेवायची, किती वेळ ठेवायची, कुणी मोकळी करायची, हा आकडा किती बाइटांत मावेल, ही अक्षरांची ओळ कुठे संपते, हे सगळं कुणीतरी ठरवावंच लागतं. एक साधा हिशेब करून पाहा. दहा लाख पूर्णांक साठवायचे आहेत. सीमध्ये प्रत्येकी चार बाइटांच्या सलग घरांचा अ‍ॅरे, म्हणजे चाळीस लाख बाइट, विषय संपला. पायथॉनच्या लिस्टमध्ये खरं तर आकडे नसतातच, आकड्यांचे पत्ते असतात. ६४ बिटच्या यंत्रावर प्रत्येक पत्ता ८ बाइटांचा, आणि त्या पत्त्यावर बसलेला साधा पूर्णांकही २८ बाइटांचा. बेरीज तीन कोटी साठ लाखांच्या आसपास, म्हणजे नऊपट.

हा आकडा ऐकून सीवाले जिंकल्यासारखे हसतात. हसू नये. त्या नऊपटीच्या बदल्यात बरंच काही मिळालेलं असतं. आकडा कितीही मोठा झाला तरी तो फुटत नाही, त्याच यादीत आकड्याशेजारी नाव ठेवता येतं, आणि काम झाल्यावर आवराआवर करावी लागत नाही. बहुतेक कामांत हा सौदा फायद्याचाच असतो. अर्डुइनो ऊनो या छोट्या सर्किट बोर्डच्या मूळ आवृत्तीतल्या चिपमध्ये मात्र सगळी मिळून २०४८ बाइट रॅम असते. पायथॉनच्या हिशेबाने त्यात ५६ आकडे मावले असते, आणि ते मावल्यावर प्रोग्रॅमला पाय ठेवायला जागा उरली नसती. सौदा तोच, जागा वेगळी. तो कुठे परवडतो आणि कुठे नाही हे ओळखायला आधी असा काही सौदा होतोय हे ठाऊक असायला हवं.

मग सुरुवातच खालून का करू नये? पाया आधी भरावा, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

कारण पहिल्या काही महिन्यांत शिकायचं असतं ते भाषेपलीकडचं. मोठं काम लहान लहान तुकड्यांत कसं फोडायचं, एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करायची असेल तर ती एकदाच कशी लिहायची, नावं काय द्यायची, चूक झाली की न घाबरता ती कशी शोधायची. हे शिकताना पटापट काहीतरी चालताना दिसावं लागतं. सी त्या वाटेवर टोलनाके उभे करते. वापरणाऱ्याकडून एक आकडा घ्यायचा तर स्कॅनएफ या फंक्शनमध्ये नावाआधी '&' हे चिन्ह का लावायचं, याचं खरं उत्तर 'पत्ता' या कल्पनेत आहे, आणि पहिल्या आठवड्यात ते देता येत नाही. "आत्ता लाव, पुढे कळेल," असं सांगावं लागतं. चिन्ह विसरलं तर प्रोग्रॅम कोसळेल, किंवा (हे जास्त वाईट) चालल्यासारखा दिसेल. पायथॉन निदान कुठल्या ओळीवर अडलं ते सांगतो. सी 'सेगमेंटेशन फॉल्ट' एवढं म्हणते आणि तोंड फिरवते.

मी स्वतः सीपासूनच सुरुवात केली होती. तेव्हाची एक गंमत अजून आठवते. माझा एक प्रोग्रॅम मध्येच मरायचा. कुठे मरतो ते बघायला मी त्यात एक प्रिंटएफ (पडद्यावर मजकूर छापणारी ओळ) टाकला, तर तो नीट चालायला लागला. प्रिंटएफ काढला की पुन्हा मरायचा. दोन संध्याकाळी डोकं फोडून झाल्यावर मी तो प्रिंटएफ तसाच ठेवला आणि वर टीप लिहिली की ही ओळ काढू नये. म्हणजे तर्काचं शास्त्र शिकायला बसलेली मी दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधून मोकळी झाले! खरं कारण फार नंतर कळलं. दहा घरांच्या अ‍ॅरेमध्ये मी अकराव्या घरात लिहीत होते. त्या एका ओळीमुळे मेमरीतल्या स्टॅक नावाच्या भागातली मांडणी जराशी बदलायची आणि माझं लिखाण बिनमहत्त्वाच्या जागी पडायचं. आज ही गोष्ट सांगताना मजा येते. तेव्हा मात्र मी एवढंच शिकले की संगणक लहरी असतो. नवशिक्याला शिकवायचा याहून वाईट धडा नाही.

हार्वर्डचा प्रसिद्ध प्राथमिक अभ्यासक्रम चित्रांचे ठोकळे जुळवायच्या स्क्रॅचपासून निघतो, मग थेट सीमध्ये उतरतो आणि नंतर पायथॉनकडे येतो. तो यशस्वी आहे, हे कबूल. पण तिथे दर आठवड्याला रचलेला गृहपाठ असतो, अडलं तर विचारायला माणसं असतात, आणि सीचा मुक्काम ठरावीक आठवड्यांचा असतो. एकट्याने रात्री घरी बसून शिकणाऱ्याच्या हाताशी यातलं काहीच नसतं. तो अडतो, आणि आपल्याला हे जमणार नाही असं ठरवून उठतो. सी आधी शिकण्याचा आग्रह धरणारे लोक बहुतेक त्या वाटेने पोचलेले असतात. वाटेत गळालेले वाद घालायला येत नाहीत.

इथवर चलतीच्या भाषांचे पुरस्कर्ते माझ्याबरोबर असतील. आता त्यांच्याशी भांडते.

त्यांचा लाडका दृष्टान्त असा की गाडी चालवायला इंजिन खोलता यावं लागत नाही. बरोबर आहे, चालवायला लागत नाही. पण प्रोग्रॅमर गाडी चालवत नाही, गाडी बनवतो. त्यात दुसरे बसणार असतात. तो सगळे भाग स्वतः घडवणार नाही हे खरं, पण बाहेरून आणून बसवलेला भाग किती भाराला टिकतो हे त्याला सांगता यायला हवं. ते न कळल्याने काय होतं, याची तीन उदाहरणं देते. तिन्ही वेगवेगळ्या भाषांतली आहेत, आणि ते मुद्दाम.

पहिलं जावाचं. क्रमाने लावलेल्या यादीत एखादी गोष्ट शोधायची तर मधोमध बघायचं, मग उरलेल्या निम्म्याच्या मधोमध, अशी बायनरी सर्चची पद्धत. प्रत्येक विद्यार्थी ती लिहितो. मध्य काढायला खालचं आणि वरचं टोक मिळवायचं आणि दोनाने भागायचं. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत ही बेरीज अशीच लिहिली होती. जावातला साधा पूर्णांक ३२ बिटांचा असतो, त्यात २,१४७,४८३,६४७ च्या वर काही मावत नाही. यादी शंभर-सव्वाशे कोटींच्या घरात गेली की बेरीज ती मर्यादा ओलांडते, जावा तक्रार न करता ऋण आकडा हातात ठेवतो, आणि शोध यादीच्या बाहेर जाऊन आपटतो. हा बग २००६ मध्ये जाहीर झाला तेव्हा तो नऊएक वर्षं तिथे बसून होता. गणितात अ अधिक ब नेहमी बरोबरच असतं. संगणकातला आकडा मात्र ठरावीक मापाच्या डब्यात राहतो, आणि ही गोष्ट खालच्या भाषेत हात भाजल्यावर जशी डोक्यात बसते तशी वाचून बसत नाही.

दुसरं उदाहरण माझ्याच मताला छेद देईल असं वाटेल, म्हणून ते मला अधिक आवडतं. ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन हा खेळ सुरू व्हायला काही यंत्रांवर सहा-सहा मिनिटं लागायची, आणि वर्षानुवर्षं लोक ते निमूटपणे सोसत होते. २०२१ मध्ये कंपनीबाहेरच्या एका माणसाने मूळ कोड हाताशी नसताना आत काय चाललंय ते उकरून काढलं. खेळ सुरू होताना सुमारे ६३ हजार नोंदींची १० मेगाबाइटची एक फाइल वाचायचा. फाइलीतला प्रत्येक छोटा तुकडा उचलायला एसस्कॅनएफ हे फंक्शन वापरलं होतं, आणि ते फंक्शन दर खेपेला आधी उरलेल्या अख्ख्या मजकुराची लांबी मोजायचं. सीमध्ये अक्षरांची ओळ कुठे संपते ते वेगळं लिहून ठेवलेलं नसतं, शून्य सापडेपर्यंत चालत जावं लागतं. म्हणजे पोथीतला प्रत्येक शब्द वाचण्याआधी उरलेली सगळी पानं शेवटपर्यंत मोजून यायचं. त्या माणसाने हे आणि असंच आणखी एक दुखणं दुरुस्त केलं, तर लागणारा वेळ सत्तर टक्क्यांच्या आसपास घटला. कंपनीने ती दुरुस्ती स्वीकारली आणि त्याला दहा हजार डॉलर बक्षीस दिले.

हा खेळ सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला होता. वेगासाठी वाखाणलेल्या, यंत्राला खेटून असलेल्या भाषेत! भाषा खालची असून उपयोग झाला नाही, कारण त्या ओळीपाशी खाली काय चाललंय हे कुणी पाहिलंच नव्हतं.

तिसरं बरोबर याच्या उलट. इन्स्टाग्रामचा सर्व्हर पायथॉनवर चालतो. तिथे एक मूळ प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम) स्वतःच्या अनेक प्रती काढते, आणि जोवर कुणी काही लिहीत नाही तोवर त्या सगळ्या प्रती मेमरीची तीच पानं वाटून वापरतात. कुणी एका पानावर लिहिलं की ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्यासाठी त्या पानाची वेगळी नक्कल काढते. कागदावर उत्तम योजना. प्रत्यक्षात प्रोसेस सुरू झाल्या झाल्या वाटून घेतलेली मेमरी भराभर घटायची, आणि आपल्या कोडमध्ये तर कुणी काही लिहीत नव्हतं. लिहीत होता पायथॉनचा गार्बेज कलेक्टर. कोणती वस्तू कामाची आणि कोणती टाकाऊ याची वही तो प्रत्येक वस्तूच्या डोक्यावरच ठेवतो, त्यामुळे नुसती तपासणी करायला निघाला तरी पानापानावर त्याचे बोटांचे ठसे उमटायचे. २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की त्यांनी हा कलेक्टरच बंद केला आणि कार्यक्षमता दहा टक्क्यांनी वाढली. पुढे त्याच अनुभवातून पायथॉनच्या ३.७ आवृत्तीत त्यासाठी एक वेगळी सोय आली.

त्या इंजिनिअरांनी पायथॉन सोडला नाही. पण प्रश्न सोडवताना ते पायथॉनच्या चार भिंतींत राहिलेही नाहीत. मेमरीची पानं, त्यांची नक्कल, वस्तूच्या डोक्यावरचे काही बाइट, असं सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. चलतीच्या भाषेत रोजचं काम करावं आणि तिच्या फरशीखालून पाइप कुठून गेलेत हे ठाऊक असावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

पाइप किती खोल शोधायचे, हा पुढचा प्रश्न. कारण सी म्हणजे तळ, हीसुद्धा एक भाबडी समजूत आहे. २००९ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, सुरक्षेचं एक भोक सापडलं. कोडमध्ये पॉइंटर (मेमरीतला पत्ता) रिकामा तर नाही ना, ही तपासणी चक्क लिहिलेली होती. पण तिच्याआधीच्या एका ओळीत तोच पॉइंटर वापरला होता. कंपायलरने विचार केला: रिकामा पॉइंटर वापरणं तर भाषेच्या नियमांत बसतच नाही, आणि हा वापरलाय, अर्थात तो रिकामा नसणार, मग पुढची तपासणी हवीय कशाला? त्याने ती काढून टाकली. सी लिहिणाऱ्याला वाटतं आपण यंत्राशी बोलतोय. तो बोलत असतो एका काटेकोर, कायदेपंडित मध्यस्थाशी. असेंब्लीत उतरलात तरी तळ लागत नाहीच. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले दोष उघड झाले, तेव्हा अनेकांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं की प्रोसेसर आपण दिलेल्या सूचना पुढच्या-मागच्या करतो, अंदाजाने आधीच करून ठेवतो, आणि अंदाज चुकला तर केलेलं पुसतो. ते पुसताना कॅशेमध्ये (प्रोसेसरजवळच्या झटपट मेमरीत) राहिलेल्या खुणांवरून दुसऱ्याची गुपितं वाचता येत होती.

म्हणून तळ गाठायचा हट्ट मी धरत नाही. आपण राहतो त्याच्या खालचा एक मजला ओळखीचा असावा. डेटाबेसवर काम करणाऱ्यासाठी तो मजला म्हणजे इंडेक्स डिस्कवर कसा मांडलेला असतो हे. वेबवर काम करणाऱ्यासाठी ब्राउझर पान कसं रंगवतो आणि जावास्क्रिप्टची कामं रांगेत कशी लागतात हे. तिथे सी शिकून लगेच फार काही हाती लागणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरी सगळ्यांनी एकदा मेमरीच्या मजल्यावर जाऊन यावं असं मला वाटतं. प्रोग्रॅमरांच्या वाटा वर कितीही पांगल्या तरी त्या मजल्यावर सगळ्यांना एकाच जिन्याने यावं लागतं.

आता सर्वांत सबळ आक्षेप. सी धोकादायक आहे. आहेच. १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा इंटरनेटवरून आपोआप पसरणारा प्रोग्रॅम ज्या वाटांनी पसरला त्यातली एक म्हणजे किती अक्षरं आली हे न मोजता वाचणारं गेट्स हे फंक्शन. त्याला भाषेच्या प्रमाण आवृत्तीतून काढायला २०११ उजाडलं! २०१४ च्या हार्टब्लीड या सुरक्षेच्या दोषामध्ये समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता तेवढे बाइट परत पाठवले जायचे, एका खेपेला ६४ किलोबाइटपर्यंत, आणि त्यात दुसऱ्यांचे पासवर्डही असू शकायचे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या सुरक्षेच्या दोषांपैकी सुमारे सत्तर टक्के मेमरीच्या चुकांमुळे येतात. क्रोमच्या गंभीर दोषांबद्दल गूगलने पुढच्याच वर्षी जवळजवळ हाच आकडा दिला. आणि अँड्रॉइडमध्ये नवा कोड रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहायला लागल्यावर अशा दोषांचं प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं. जुना सगळा कोड त्यासाठी फेकून द्यावा लागला नाही.

एवढा पुरावा समोर असताना नवं, लोकांच्या हाती जाणारं सॉफ्टवेअर कुणी हौसेने सीमध्ये सुरू केलं तर मी त्याला दोनदा विचारीन. पण शिकण्याची भाषा आणि जगाला विकायची भाषा एकच असली पाहिजे, हे कुणी ठरवलं? रस्ट २०१५ मध्ये १.० झाली, २०२२ अखेरीस लिनक्सच्या ६.१ आवृत्तीत तिला दार उघडलं गेलं, आणि ती या हंगामासाठी उत्तम दुसरा टप्पा आहे. पहिला नाही, असं मी म्हणते, आणि रस्टप्रेमी मंडळी माझ्यावर चिडतात. रस्टचा कंपायलर ज्या प्रश्नांवर तुम्हाला अडवतो (ही वस्तू कुणाची, हा पत्ता अजून जिवंत आहे का), ते प्रश्न तुम्हाला कधी पडलेलेच नसतील तर तो नुसता खाष्ट वाटतो. सीमध्ये मोकळ्या करून टाकलेल्या मेमरीला एकदा हात लावून पाहिलेल्या माणसाला तोच कंपायलर जाणता वाटतो. चार-सहा आठवड्यांची सी एवढ्यासाठी पुरते.

पोटापाण्याचं थोडक्यात. ज्याला वर्षभरात नोकरी हवीच आहे त्याने चलतीची एकच भाषा घ्यावी आणि ती खोल शिकावी. त्याला पॉइंटरचं प्रवचन देणं मला पटत नाही. ज्याला यंत्रांच्या आतल्या चिपसाठीच लिहायचंय त्याने मात्र माझा क्रम गुंडाळून ठेवून लवकर सीकडे जावं. खालची कामं संपत चाललीत असं कुणी सांगितलं तर त्याला १९ जानेवारी २०३८ ही तारीख दाखवा. त्या दिवशी जागतिक वेळेनुसार ०३:१४:०७ च्या पुढच्या सेकंदाला १९७० पासून सेकंद मोजणारे ३२ बिटांचे काउंटर भरून उलटतील. नवी यंत्रं बहुतेक ६४ बिटांवर गेली आहेत, पण भिंतीत, खांबावर, कपाटात बसवून विसरलेली जुनी यंत्रं कुणीतरी उघडून बघणारच आहे.

आणि हो, कोड तर आता एआय लिहून देतं, हेही रोज कानावर येतं. देतं, आणि चलतीच्या भाषांत जास्त सराईतपणे देतं, कारण त्यांचा नमुना मजकूर अफाट आहे. मग माणसाकडे उरतं ते आलेलं वाचून 'हे दहा ओळींवर चालेल, दहा लाखांवर मरेल' असं म्हणता येणं. वर सांगितलेल्या खेळातला तो कोडही वाचायला अगदी स्वच्छ दिसला असता.

दोन महिन्यांपूर्वी एका मुलीने मला तोच प्रश्न केला. तिचं पायथॉनमध्ये वर्षभराचं काम झालं होतं. मी तिला पुस्तक सुचवलं नाही, एक काम दिलं: पायथॉनची लिस्ट सीमध्ये स्वतः बनव. चार घरांची जागा मागून घे, भरली की मोठी जागा माग, जुनं तिकडे हलव, जुनी जागा मोकळी कर. आधी दर खेपेला एकच घर वाढव आणि दहा लाख आकडे भरताना एकेक आकडा धरून एकूण किती हलवाहलव झाली ते मोज. प्रत्येक वेळी सगळं सामान हलवावं लागलं तर तो आकडा पन्नास हजार कोटींच्या घरात जातो. मग दर खेपेला दुप्पट करून बघ, तो वीस लाखांच्या आत येईल. हे जमलं की पायथॉनच्या मूळ कोडमधली लिस्टची फाइल उघड आणि खऱ्या लिस्टने काय केलंय ते वाच.

तीन आठवडे काही निरोप नव्हता. मला वाटलं, सोडून दिलं असेल. मग एका रात्री मेसेज आला. दोन वेळा प्रोग्रॅम मेला होता, एकदा मेमरी मोकळी करायची राहिली होती, ते सगळं तिने सांगितलं. सी की पायथॉन याबद्दल एक अक्षर नव्हतं. शेवटी एवढंच होतं: "ताई, पायथॉन तर दर वेळी फक्त आठवा हिस्साच वाढवतो. दुप्पट का नाही करत?"